चौथी फेरी

"चेहरा कोरा," प्रेबेननी खुर्चीतून बजावलं. "भुवई हलली तरी फेरी बाद."

"लहानपणापासून ऐकतेय, बाबा," चादरीमागून सिग्ने म्हणाली. "आता झोपेतसुद्धा माझा चेहरा कोराच असतो."

"म्हणूनच नवरा पळाला."

"पळाला नाही, मी घालवला. पेन्सिल घ्या हातात."

शनिवारची सकाळ होती. बैठकीच्या खोलीत दोरीवर खांद्याएवढ्या उंचीची चादर टांगली होती. तिच्या दोन्ही टोकांना दोन स्पीकर, आणि मागे जमिनीवर दोन अ‍ॅम्प्लिफायर. एक सत्तर हजार क्रोनरचा, प्रेबेनचा मित्र व्हिलीने आदल्या दिवशी धापा टाकत आणून ठेवलेला. दुसरा बावीसशेचा, पावाच्या डब्याएवढा. जाताना व्हिली म्हणाला होता, "प्रेबेन, तुझ्या डबीने माझ्या बैलाला हरवलं तर बायकोसमोर बोलू नकोस. तिला मी दहा हजार सांगितलेत."

स्वस्तातला आणि महागातला फरक कानाला कळतो, की नुसता डोळ्यांना आणि मानाला? संगीत ऐकणाऱ्यांच्या मंडळाच्या मासिकात प्रेबेन वीस वर्षं हा एकच प्रश्न चघळत होते. रेडिओच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या, बायको गेलेल्या माणसाकडे तेवढंच उरलं होतं. ते आणि दोन कान. स्ट्रूअर या डॅनिश गावात त्यांच्या कानांना अजून मान होता.

परीक्षेची रीत ठरलेली. दोन्हींचा आवाज मीटर लावून तंतोतंत सारखा करायचा, कारण केसभर मोठा असलेलाच चांगला वाटतो. मग सिग्नेने चादरीमागे तारा बदलायच्या, कधी बदलायच्या, कधी बदलल्याचं नुसतं नाटक करायचं. प्रेबेननी ऐकून लिहायचं. दहा फेऱ्या होईपर्यंत कुणी अवाक्षर बोलायचं नाही, आणि कागद पालथा पडेपर्यंत तिने चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही.

चौथ्या फेरीत ती तारा लावून उभी राहिली आणि तबकडी सुरू झाली. उजवीकडून पियानो आला. डावीकडून यायचा तो पियानोच्या खर्जाचा घुमारा आलाच नाही. तिने हळूच हात लांबवून डाव्या स्पीकरला तळवा टेकवला. लाकूड गार होतं, मुकं होतं. तार नीट बसली नसणार.

तिने वडिलांकडे पाहिलं. डोळे मिटलेले, चेहरा निवांत. पेन्सिल कागदावर चालत होती.

त्यांना कळलंच नव्हतं.

मागच्या आठवड्यात सिग्नेने जिन्यातून तीनदा हाका मारल्या, तरी त्यांनी ओ दिली नव्हती. आईचंही असंच, हातातून चमचा पडण्यापासून सुरू झालं होतं. सहा महिन्यांत सगळं आटोपलं. आता हे. तार सुटली म्हणून सांगावं, तर सगळ्यांत आधी त्यांनाच कळणार, की आपल्याला ऐकू आलं नाही. ज्यांचे कान हीच ओळख, त्यांना हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

तेवढ्यात प्रेबेननी डोळे उघडले आणि थेट तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ. तिने चेहरा कोरा ठेवला. इतका कोरा तिने तो आयुष्यात कधी ठेवला नव्हता. ते पुन्हा कागदावर वाकले.

पाचव्या फेरीआधी तिने गुपचूप तार घट्ट दाबली.

दहा फेऱ्या झाल्यावर कागद खुर्चीच्या हातावर पालथा पडला. कॉफी झाली, राय-धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग मासा झाला. कप विसळता विसळता प्रेबेननी विचारलं, "चौथ्या फेरीत तुला काही वेगळं वाटलं?"

"नाही. नेहमीसारखंच."

"नक्की?"

"नक्की, बाबा. का?"

"काही नाही. कागद उद्या बघू. आज थकलो."

दारात त्यांनी तिचा हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरला. "सोमवारी सकाळी गाडी घेऊन येशील?"

"कुठे जायचंय?"

"असंच. जरा काम आहे."

"येते," ती म्हणाली. फ्योर्डच्या खाडीकाठाने घरी जाताना तिने गाडीतला रेडिओ बंद ठेवला आणि सोमवार येऊ नये असं तिला वाटत राहिलं.

रविवारी दुपारी शेजारीणबाईंचा फोन आला. खिडकीतून पाहिलं तर प्रेबेन खुर्चीत बसलेले, हाक मारली तर उठेनात. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. त्रास झाला नसावा.

दफन उरकून आठवडा झाल्यावर व्हिलीचा फोन आला. "घाई नाही गं पोरी. पण तो बैल तिथे पडलाय म्हणून तुला त्रास नको. चारला येऊ का?"

"या ना, काका."

चारला थोडा वेळ होता. चादर तशीच टांगलेली होती. तिने खुर्चीच्या हातावरचा पालथा कागद पहिल्यांदा उलटला. नऊ फेऱ्यांपुढे एकच शेरा: फरक सांगता येत नाही. खाली निकाल: बावीसशेवाला घ्या, उरलेल्या पैशांत तबकड्या घ्या.

चौथ्या फेरीपुढची अक्षरं बारीक होती.

'डावीकडून काहीच नाही. सिग्नेकडे पाहिलं. तिचा चेहरा शांत. म्हणजे स्पीकर चालू आहे. माझा डावा कान गेला.'

आणि त्याखाली: 'पाचवीत परत आला. सिग्नेच्या आईचाही हात झटक्याआधी असाच जाऊन परत आला होता. भीती वाटते. सोमवारी साडेनऊला कानाचे डॉक्टर. सिग्नेला गाडीत सांगेन, आधी नको. घाबरेल.'

ती कागद हातात घेऊन चादरीमागे गेली आणि आपल्या जागी उभी राहिली. बाहेर व्हिलीच्या गाडीचं दार वाजलं. चादरीवरून समोरची खुर्ची दिसत होती, बसून बसून मधोमध खोलगट झालेली. या जागेवरून ती फेरीबद्दल कधी बोलली नव्हती.

"मलाही डावीकडून काही ऐकू आलं नव्हतं," ती मोठ्याने म्हणाली. "तार सुटली होती. तुमचा कान चांगला होता, बाबा."