अकरा वर्षांचे अमृतराव

अंगठा खरं तर 'मागे जा' या बटणावर जायचा होता. पण अलीकडे अमृतरावांचा उजवा हात निघायचा एका गावाला आणि पोचायचा दुसऱ्याच, त्यामुळे अंगठा शेजारच्या बटणावर टेकला. फोननं गोड आवाज केला. पडद्यावर अक्षरं आली : 'तुमची विनंती पालकांना पाठवली आहे.'

पालक पुण्यात होते. नाव श्रीनाथ, वय त्रेचाळीस, नात्यानं अमृतरावांचे चिरंजीव.

विनंती परत बोलवायचे सगळे उपाय अमृतरावांनी केले. फोन बंद केला, चालू केला, विमानाचं चिन्ह दाबलं. विनंती काही परतली नाही. आणि ती एकटी गेली नव्हती. जे पान बघायची परवानगी मागितली गेली होती, त्याचं नावही सोबत गेलं होतं : 'हाताला कंप : सुरुवातीची लक्षणे आणि पुढील अवस्था.'

पालकत्वाचं हे प्रकरण मार्गशीर्षातलं. अमृतरावांच्या फोनवर एक लग्नपत्रिका आली. आलेली पत्रिका न उघडणं आपल्याकडे अपमान समजतात, म्हणून त्यांनी ती उघडली. आत वधू नव्हती, वर नव्हता. आत चोर होता. तो बँकेपर्यंत पोचायच्या आत श्रीनाथनं त्याला कसंबसं अडवलं, पण तोवर तीच पत्रिका अमृतरावांच्या नावानं सगळ्या गणगोतात गेली होती. पुढचे आठ दिवस लोक फोन करून 'मुलगी कुणाची?' असं विचारत होते.

श्रीनाथ मग लातूरला येऊन वडिलांच्या फोनला कुलूप लावून गेला. कुलूप होतं लहान मुलांसाठीचं. ते म्हाताऱ्यांना बसेना, तेव्हा त्यानं अमृतरावांचं जन्मसाल बदललं आणि त्र्याहत्तर वर्षांचे अमृतराव अकरा वर्षांचे झाले. कुलूप लगेच बसलं. तेव्हापासून नवं काहीही उघडायचं तर पुण्याला विचारायचं. फोन रात्री नऊला झोपायचा. नात इरा खरोखरचीच अकरा वर्षांची होती, तिचा फोन मात्र दहाला झोपायचा, कारण तिला अभ्यास होता.

आता गंमत अशी की याच अमृतरावांनी पंचवीस वर्षं लातूरच्या कितीतरी गल्ल्यांनी काय बघायचं ते ठरवलं होतं. त्यांची केबल होती. सिनेमा लावला की ते यंत्रापाशी स्वतः बसत आणि नायक-नायिका प्रमाणाबाहेर जवळ आले की मध्येच एका साडी सेंटरची जाहिरात सोडत. पुढेपुढे नुसती ती जाहिरात लागली तरी गल्लीतली पोरं लाजायची. 'घरात आयाबहिणी बघतात,' एवढं त्यांचं धोरण होतं. त्यांना हा अधिकार कुणी दिला, असं कुणी विचारलं नाही. उलट गणेश मंडळानं त्यांचा सत्कार केला.

पण सध्या त्यांच्यापुढचा प्रश्न धोरणाचा नव्हता. श्रीनाथनं निक्षून सांगून ठेवलं होतं की आता काही झालं की आईबाबा दोघांनी पुण्याला यायचं, लातूरचं घर काढून टाकायचं. 'काही' म्हणजे काय, हे त्यानं सांगितलं नव्हतं; पण थरथरणारा हात त्यात नक्की बसत होता. पुण्याचं घर चौदाव्या मजल्यावर. अमृतराव तिथं एकदा तीन आठवडे राहून आले होते. खाली उतरलं की ओळखीचा माणूस म्हणजे वॉचमन, आणि तोही सारखा बदलायचा. लातुरातल्या डॉक्टरकडे जावं, तर ते श्रीनाथचे वर्गमित्र. म्हणून अमृतरावांनी गुपचूप फोनला विचारलं, आणि फोननं श्रीनाथला.

"जरा गोलाईकडं जाऊन येतो," असं बायकोला, सौदामिनीबाईंना, सांगून, उजवा हात खिशात घालून ते बाहेर पडले. स्कूटर काढली नाही. रिक्षात बसून फोनकडे बघत राहिले. विनंतीसमोर लिहिलेलं होतं : 'उत्तराची वाट पाहत आहे.' विनंती आणि अमृतराव, दोघेही तेच करत होते.

गंजगोलाईच्या गोल बाजारपेठेमागच्या बोळात संगप्पाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. उदगीरकडचा हा संगप्पा एके काळी अमृतरावांच्या केबलच्या तारा गच्चीगच्चीवरून ओढायचा. धंदा बुडून बारा वर्षं झाली तरी अमृतरावांना तो मालकच म्हणायचा. दुकानाच्या बाकावर बँकेतून निवृत्त झालेले शिवमूर्ती बसलेले होते. त्यांना अमेरिकेतल्या मुलीनं, तनुजानं, सफरचंदवाला फोन पाठवला होता आणि तेव्हापासून ते त्या कंपनीचे बिनपगारी वकील झाले होते. रोजचा खटला चालू होता.

संगप्पाचं म्हणणं, ज्या वस्तूचं झाकण आपल्याला उघडता येत नाही, ती वस्तू आपली नाही. पैसे आपण मोजायचे आणि भाडेकरूसारखं राहायचं, ही कुठली रीत? शिवमूर्तींचं म्हणणं, घराला कडी पाहिजे. संगप्पासारख्यांनी फोनची धर्मशाळा करून ठेवली, म्हणूनच अमृतरावांकडे ती पत्रिका मुक्कामाला आली. निलंग्याकडचा एक माणूस, मुलीला क्लासला ठेवायला आलेला, हे सगळं आदरानं ऐकत उभा होता. शेवटी तो म्हणाला, "ते राहू द्या हो. मला असा फोन द्या की ज्यात फक्त फिजिक्स लागतंय."

संगप्पानं त्याला बटणांचा फोन दिला. त्यात फिजिक्सही लागत नव्हतं. माणूस समाधानानं गेला.

अमृतरावांनी मग सहज विचारल्यासारखं विचारलं की समजा एखाद्यानं परवानगी मागितली, तर ती परत घेता येते का. एखाद्यानं म्हणजे कुणीही.

संगप्पानं हातातला पेचकस खाली ठेवला.

"मालक, कशाची परवानगी मागितली?"

अमृतराव बोलले नाहीत. त्यांच्या न बोलण्याचा त्या बाकावर एकच अर्थ होऊ शकत होता आणि तो तत्काळ झाला.

"ह्या वयात?" शिवमूर्ती म्हणाले.

"वय अकराच हाय की त्यांचं," संगप्पा म्हणाला.

अमृतरावांनी मान खाली घातली. खरं सांगण्यापेक्षा हे बरं होतं. चावट म्हाताऱ्याला लोक हसतात आणि विसरतात. आजारी म्हाताऱ्याला भेटायला येतात.

शिवमूर्तींनी संयमावर थोडं विवेचन केलं. त्यांच्या फोनवर असलं काही घडलंच नसतं, हा मुद्दाही त्यात येऊन गेला. संगप्पा मात्र मालकाच्या अडचणीत मनापासून शिरला होता. त्यानं सांगितलं की फोन पुसून कोरा करायचा म्हटलं तरी पुण्याला खबर जाणार. गेलेली विनंती मागं येत नसते.

"पण खाली दाबता येती," तो म्हणाला. "वरून धा-वीस आणखी सोडा. पोरगं कामात राहतंय. वाचतंय कशाला, समद्याला एकदाच हो म्हणून टाकतंय."

योजना ठरली. कुठल्या पानांच्या विनंत्या पाठवायच्या, यावर दोघांचं पुन्हा वाजलं. शिवमूर्तींना सगळ्यात वर देवधर्म हवा होता, म्हणजे मुलाची नजर आधी तिथं जाईल. संगप्पाच्या मते, पकडलेला माणूस एकदम देवाचं नाव घेऊ लागला की संशय वाढतो. त्यापेक्षा बाजारभाव बरे. अखेर तूरडाळीचा भाव, नांदेडच्या गाड्यांचं वेळापत्रक, कुकरची रिंग, गुडघ्याची योगासनं आणि मधूनमधून एखादं देवस्थान, अशी तडजोड निघाली.

"तूच दाब," अमृतराव फोन पुढे सरकवत म्हणाले. "माझा चष्मा घरी राहिला."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. संगप्पानं चष्म्याकडे बघितलं, खिशातल्या हाताकडे बघितलं आणि फोन घेतला.

दुपार घरी काढणं जड गेलं. फोन दोनदा वाजला. पहिल्यांदा एका बाईनं त्यांना कर्ज देऊ केलं. दुसऱ्यांदा गॅसची टाकी होती. दोन्ही वेळा अमृतराव खुर्चीतून अर्धे उठले आणि दोन्ही वेळा सौदामिनीबाईंनी स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं. अमृतराव मनातल्या मनात श्रीनाथशी भांडत होते; मला काही झालेलं नाही, असं त्याला पटवत होते. पटत नव्हतं. हा श्रीनाथ खऱ्यासारखाच हट्टी होता. शेवटी भांडणात मनातल्या मनात घर विकलं गेलं, आणि पुढच्या दाराच्या कुलपाची किल्ली नव्या मालकाला देताना ती हातातून पडली, इथपर्यंत त्यांनी बघितलं.

दिवेलागणीला खरा श्रीनाथ बोलला.

"बाबा, आज काय लावलंय तुम्ही? मीटिंगमध्ये फोन नुसता टिणटिणत होता."

"चुकून झालं रे." अमृतरावांनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला.

"चुकून तूरडाळ आणि चुकून कुकर?"

"मग... काय केलंस तू?"

"काय करणार? सगळ्याला हो म्हटलं. मी वाचत थोडाच बसतो, बाबा. इराचंही तसंच करतो. कुणाला वेळ आहे?"

त्याच्या आवाजात काही दडलंय का, हे अमृतरावांनी कान देऊन ऐकलं. काहीही नव्हतं. मागं कुणीतरी इंग्रजीत हिशेब सांगत होतं. श्रीनाथनं वेळेवर जेवायला सांगितलं आणि फोन ठेवला.

घर वाचलं होतं. गोलाई, बाक, संगप्पा, सगळं जागच्या जागी राहिलं होतं. अमृतरावांनी आनंद व्हायची थोडी वाट बघितली. दारात पहारेकरी बसलाय म्हणून दिवसभर अंग चोरून राहावं, आणि संध्याकाळी कळावं की खुर्चीवर नुसता सदरा टांगलेला आहे, तसं त्यांना झालं.

पान आता उघडत होतं. त्यांनी उजव्या हातात फोन धरला, तर अक्षरं हलायला लागली. डाव्यात धरून उजव्यानं पान सरकवायला गेले, तर केस वाढवायच्या तेलाच्या दुकानात पोचले. दोनदा परत आले, दोनदा तेलातच गेले. मग त्यांनी फोन टेबलावर ठेवला.

"अगं, इकडं ये जरा."

सौदामिनीबाई पदराला हात पुसत आल्या.

"हे वाच. मोठ्यानं."

केबलच्या काळात गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर त्याच घ्यायच्या. समोरचा कितीही तापला तरी त्यांचा सूर बदलत नसे. त्यांनी पानाचं नाव वाचलं, खुर्ची ओढून बसल्या आणि त्याच सुरात वाचू लागल्या. सुरुवात एका हातापासून होते. हात स्वस्थ असताना कंप जास्त. अक्षर बारीक होत जातं. पुढं गुंड्या लावणं जड जातं. त्याच्याही पुढचं होतं, तेही त्यांनी वाचलं, न थांबता, न घाई करता. वाचून झाल्यावर फोन उलटा ठेवला.

"दिवाळीपासून," अमृतराव म्हणाले.

"गणपतीपासून," सौदामिनीबाई म्हणाल्या. "आरतीचं ताट तुमी माझ्याकडं दिलं तवापासून."

"बोलली नाहीस ते."

"तुमी हात खिशात घालून राहिले होते. म्हटलं, दाखवायचा असंल तवा दाखवतील." त्यांचं माहेर धर्माबादचं, महत्त्वाचं बोलताना त्या माहेरच्या भाषेत जात. "श्रीनाथनं वाचलं का हे?"

"नाही."

"मग आदी आपण दोघं सोलापूरला जाऊन दाखवू. तिथं त्याच्या ओळखीचं कुणी न्हाई. काय हाय ते कळू द्या, मग त्याला आपण सांगू. आपल्या तोंडानं. पुण्याचं त्याच्यापुढं बघू."

अमृतरावांनी मान हलवली. हात टेबलावरच होता. तो आपल्या मनानं थरथरत होता आणि दोघंही त्याच्याकडं बघत होते. पाहुण्यांचं नवं पोर बोलायला लागेपर्यंत बघत बसावं, तसं.

मग सौदामिनीबाई उठल्या. आत भांडी वाजली.

त्या घरात चमचे पाहुण्यांसाठी होते आणि तेही शिऱ्यापुरते. भाकरी हातानं मोडायची, वरणात हातानं चुरायची, ही रीत अमृतरावांच्या वडिलांच्याही आधीची. ताट समोर आलं तेव्हा त्यात भाकरी आधीच बारीक चुरलेली होती, वर वरण घातलेलं होतं आणि कडेला चमचा होता.

अमृतराव बराच वेळ चमच्याकडं बघत राहिले. कान गरम झाले. ताट सरकवून द्यावं असं वाटलं, म्हणून त्यांनी मान वर केली.

सौदामिनीबाई समोर जेवायला बसत होत्या. त्यांच्याही ताटात भाकरी चुरलेली होती. त्यांनी चमचा उचलला, सवय नसल्यामुळं दोनदा हातात फिरवून नीट धरला, आणि पहिला घास घेतला.