भेंडीचं सूप आणि एक ओळ

ओडेसाने सुपाची बरणी दोन बोटांनी टेबलावरून मागे ढकलली, जिकडून आली होती तिकडेच.

"आधी सांग. सूप आणलंयस, की काम?"

ग्रेटाने अजून कोटाची बटणंही काढली नव्हती. खांद्यावरच्या पिशवीत कंपनीची निळी फाइल होती, फाइलमध्ये एकच कागद, आणि कागदावर सिनेटच्या विधेयकातली एकच ओळ पिवळी केलेली. ती ओळ काढायला लावायची, एवढ्यासाठी ब्रॅमहॉल कंपनीने तीन महिन्यांत वॉशिंग्टनमध्ये अकरा लाख डॉलर ओतले होते. त्यात ग्रेटाचा पगार आला, आणि हा कोटही आला.

"अगं, गरम आहे तोवर खा. भेंडीचं आहे. तुझ्या आईसारखं."

"माझ्या आईसारखं म्हणे! उत्तरेकडच्या बाईच्या हातची भेंडी म्हणजे नुसती तार असणार."

"खा तर. मग हव्या तेवढ्या शिव्या दे."

"दोन्ही एका दमात नाही चालायचं, ग्रेटा. सूप असेल तर खाईन. काम असेल तर बरणी उचल, समोर बस, मी ऐकते."

कंपन्यांच्या माणसांकडून सिनेट समितीच्या कर्मचाऱ्यांनी काही घ्यायचं नाही, हा तिथला नियम. त्यात मैत्रीची सूट होती. पण मैत्री करायची आणि त्याच बैठकीत मागणंही मागायचं, हे ओडेसाला कधी पचलं नव्हतं.

बारा वर्षं दोघी एकाच सिनेटरच्या कचेरीत पाठीला पाठ लावून बसल्या होत्या. सिनेटर निवृत्त झाले. ओडेसा समितीत राहिली. ग्रेटा मुलींच्या फीचं निमित्त सांगून रस्त्यापलीकडे, कंपनीच्या नोकरीत गेली. मुली शिकून कमावत्या झाल्या, ग्रेटा परतली नाही.

ती ओळ दोघींची होती. एका सुनावणीत नदीवरचा एक म्हातारा नावाडी टोपी मांडीवर धरून बसला होता. एका कंपनीने त्याला फसवलं होतं, पण करारात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, की तंटा कंपनीनेच नेमलेल्या पंचांपुढे जाईल. तो म्हणाला, "मला न्यायाधीशासमोर उभं राहून एकदा बोलायचंय, बस." त्याच दुपारी दोघींनी ती ओळ लिहिली. तेव्हापासून ती दर विधेयकात घातली जाई आणि गळे. या खेपेला ती टिकायची होती. शुक्रवारी ओडेसा नोकरी सोडणार होती. डोक्याला रुमाल होता, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरत होतं, आणि डॉक्टर आता तारखा देत नव्हते. जायच्या आधी एवढी एक ओळ मार्गी लागली की झालं, असं ती ज्याला त्याला सांगे.

ग्रेटाने पिशवी पायाने खुर्चीखाली सरकवली.

"सूप," ती म्हणाली.

ओडेसाने झाकण फिरवून बघितलं, फिरेना, मग बरणी ग्रेटापुढे केली. पहिला चमचा तिने डोळे मिटून घेतला.

"मीठ कमी."

"डॉक्टरांनी सांगितलंय ना तुला."

"डॉक्टरांना कोण खाऊ घालतंय?"

चार-पाच चमचे गेले असतील. मग नियमाप्रमाणे नोंद ठेवायला तिने ड्रॉवरमधून एक चिठ्ठी काढली, नेहमीसारखी तारीख घातली आणि लिहिलं: ग्रेटा हॉलंडर. मैत्रीण. एकोणीस वर्षं. घरचं सूप. चिठ्ठी तिने टाचणीने फलकाला लावली. ग्रेटा खिडकीकडे बघू लागली.

भिंतीवरची मतदानाची घंटा वाजली. ओडेसाने सवयीने ठोके मोजले, आणि ते थांबल्यावर म्हणाली,

"ओळ गेली."

"कधी?"

"आज सकाळी. समितीच्या अध्यक्षांचा निवडणूक निधीचा नाश्ता होता. तुमचे साहेब त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होते म्हणे. दहाच्या आत वरून नवी प्रत आली, त्यात ओळ नाही. विचारलंही नाही कुणी."

"मला कुणी कळवलं नाही, ओडेसा. देवाशपथ."

"कशाला कळवतील? तुझीही गरज पडली नाही, माझीही नाही." तिने चमचा पुसून ठेवला. "आठवडाभर तुझी वाट बघत होते मी. म्हटलं, ही येणार, भांडणार. उत्तरं पाठ करून ठेवली होती, बाई, तासभर पुरली असती. तू हरली असतीस."

"हरले असते."

"मागायला तरी यायचंस."

ग्रेटाने खुर्चीखालच्या पिशवीकडे पाहिलं. "मी..."

"माहितीय. फाइल मघापासून दिसतेय. तरी सूप म्हणालीस ना? मग झालं."

ओडेसा भिंतीला धरून उठली. कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये तिने बरणी कढत पाण्याने धुतली. ग्रेटा मदतीला हात पुढे करत होती, तिने बरणीला हात लावू दिला नाही. बरणी पुसून झाल्यावर तिने रिकाम्या फळ्यांकडे नजर फिरवली. खोके केव्हाच गेले होते.

"भांडं रिकामं परत दिलं तर माझी आई साउथ कॅरोलायनातून उठून येईल. तिला पुरून तीस वर्षं झाली, तरी येईल." तिने खालचा ड्रॉवर उघडला, एक जुना कागद काढला, चार घड्या घातल्या, बरणीत टाकला आणि झाकण नुसतं टेकवलं. "घट्ट तू लाव."

बाहेर जिन्कोच्या झाडांची पिवळी पानं पायऱ्यांवर पसरली होती. ग्रेटाच्या फोनवर साहेबांचा निरोप होता: काम फत्ते, अभिनंदन, तुझी आजची समितीतली भेटही तिमाही अहवालात दाखवू.

ती बाकावर बसली आणि तिने बरणी उघडली.

ओडेसाचं तिरकं अक्षर. फसवणूक झाल्यास ग्राहकाला शक्यतो न्यायालयात जाता येईल. 'शक्यतो'वर निळ्या पेनाची काट होती, इतक्या जोरात मारलेली, की तिथे कागद फाटला होता. बाजूला त्याच निळ्या पेनाने, वेगळ्या अक्षरात लिहिलं होतं: शक्यतो कशाला? हक्कच आहे त्यांचा.

ते गोल, घाईतलं, उमेदीचं अक्षर आपलंच आहे, हे ओळखायला ग्रेटाला वेळ लागला.

कागद तिने होता तसा घडी घालून आत ठेवला, झाकण घट्ट लावलं. कढत पाण्याची ऊब काचेला अजून होती. बरणी मांडीवर दोन्ही हातांनी धरून ती बसून राहिली, तो म्हातारा टोपी धरून बसला होता तशी.