शिसे ओळखणारा दगड

मित्रांनो, मी एक जुना खनिज दगड आहे; करडा, चकाकणारा, शिसे आणि गंधक यांचा बनलेला. राजपुतान्यातल्या खाणीतून मला फोडून काढले. अलिबागच्या नुरुद्दीनने, जो रसायने तपासून देई, माझा तुकडा काचेच्या नळीत बसवून मागे तार जोडली. द्रावणात बुडवले की त्यातले शिसे मला जाणवे, आणि तारेच्या टोकाच्या यंत्राची सुई ते दाखवी. नुरुद्दीन वरून रसायन थेंबथेंब सोडी. सगळे शिसे खाली बसले की सुई एकदम उसळे. थेंब जितके जास्त, तितके शिसे जास्त.

१९३४ साली थळच्या मनुबाईची मुले पोटशुळाने तळमळू लागली. घरचे कोकमाचे सार ज्या पातेल्यात होई, त्याला गावच्या कल्हईवाल्या इसहाकने कथलाचा मुलामा, म्हणजे कल्हई, केली होती. कल्हईत विषारी शिसे मिसळले, या संशयाने गावाने त्याची भट्टी फोडली. नुरुद्दीनला ते बरेच वाटले. इसहाकने नुरुद्दीनच्या बहिणीला, म्हणजे आपल्या बायकोला, टाकले होते.

नुरुद्दीनने पातेल्याची कल्हई खरवडून तेजाबात, म्हणजे तीव्र आम्लात, टाकली. कथील पांढरा साका होऊन तळाशी गेले. गाळलेल्या पाण्यात मला सोडले. थेंबामागून थेंब पडले, तरी सुई उसळेना.

"शिसं भरलंय. तूच भेसळ केलीस," नुरुद्दीन समोर उभ्या इसहाकला म्हणाला.

"कथील मी धर्माजीच्या दुकानातून घेतो. त्याची कांडी तपास," इसहाक म्हणाला.

"आपलं पाप दुसऱ्यावर ढकलू नकोस."

मनुबाई मध्ये पडली. "तुमचं भांडण घरी करा. माजी पोरं तडफडतात. कांडी मी आनते."

तिने कांडी आणली. तिच्या मागोमाग धर्माजीही आला. कांडीचा कीसही तसाच तेजाबात गेला. पुन्हा थेंब पडू लागले आणि सुई पुन्हा तशीच थांबून राहिली. नुरुद्दीनने थेंब सोडणे बंद केले. मनुबाई त्याच्याकडे रोखून पाहत होती.

"शिसं कांडीतच आहे," तो शेवटी म्हणाला.

"दगडाचं कोन ऐकतो?" म्हणत धर्माजीने मला हिसकावून फरशीवर आपटले. माझे दोन तुकडे झाले. मनुबाईने कांडी त्याच्या अंगावर फेकली. "ही तुज्या घरच्या भांड्यांना लाव."

पातेले बदलल्यावर मुले हळूहळू सावरली. धर्माजीच्या दुकानात कुणी फिरकेना. गावाने इसहाकला नवी भट्टी देऊ केली. त्याने ती घेतली नाही. नुरुद्दीनने हात पुढे केला, तोही त्याने घेतला नाही.

"तू खरं बोललास," इसहाक म्हणाला, "पण मी खोटा निघावा म्हणून देवाकडं मागत होतास." आणि तो थळ सोडून गेला.

मित्रांनो, मी आता कपाटात धूळ खात पडलो आहे. मला जपले नाहीत तरी चालेल. पण कुणाची भट्टी फोडायला निघालात, तर त्याआधी माझ्यासारखा एखादा दगड स्वच्छ घासून पाण्यात बुडवा, आणि तो जे सांगेल ते ऐकायची तयारी ठेवा.