दोन स्वल्पविराम

प्रणिता शिरधनकरने मंगळवारी इंग्रजीच्या क्लासात फळ्यावर एक वाक्य लिहिलं आणि संध्याकाळी घरी पोचली तेव्हा तिला एक मुलगी जास्त झाली होती.

वाक्य साधंच होतं. 'माय डॉटर हू ईट्स फिश इज इलेव्हन.' माझी मासे खाणारी मुलगी अकरा वर्षांची आहे. ऋजुता अकराचीच होती आणि बांगड्यावर जीव टाकायची. पण प्रणिता ताटं वाढायला बसली तर ऋजुताच्या शेजारी आणखी एक मुलगी मांडी घालून बसलेली. तेच नाक, तीच वेणी, तोच शाळेचा गणवेश.

"मी मासे नाही खात, आई," ती म्हणाली.

"तिला वरण वाढ," सासूबाई म्हणाल्या. "दुपारी आली, तेव्हापासून उपाशी आहे पोर."

क्लास भाटवडेकर सरांचा. आयुष्यात एकदाच, नऊ दिवस, ते लंडनला जाऊन आले होते आणि तेव्हापासून रत्नागिरीतला चहा त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता. प्रणिता बारा वर्षं खासगी रुग्णालयात नर्स होती. तिला आयर्लंडमधल्या नोकरीसाठी परीक्षा द्यायची होती, आणि त्या परीक्षेच्या वाटेवर हा माणूस खुर्ची टाकून बसला होता.

मधले चार दिवस ती दुसरी मुलगी प्रणिताच्या पाठीला पाठ लावून झोपली. न सांगता सगळ्यांचे कपडे घडी करून ठेवायची. शनिवारी प्रणिताने सरांना सांगितलं, "सर, मला आणखी एक मुलगी झालीय."

"होणारच." सरांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "हूच्या आधी स्वल्पविराम कोण घालणार, तुमचे तीर्थरूप? मासे खाणारी असं मुद्दाम सांगितलंत, म्हणजे न खाणारीही एक असणारच. नाहीतर कोणती ते सांगायची गरज काय? गाढवापुढे वाचली गीता! या, घाला."

बाकीचे सहा विद्यार्थी वहीत डोकं घालून बसले. प्रणिताने खडू घेतला. पाठीला लागलेली ती छोटी पाठ तिला आठवली. परीक्षा तीन आठवड्यांवर होती. तिने 'हू'च्या आधी एक आणि 'फिश'नंतर एक असे दोन स्वल्पविराम घातले.

"आता मुलगी एकच," सर म्हणाले. "आणि या दोन स्वल्पविरामांच्या मधलं ते निव्वळ जादा. पुसलं तरी वाक्याला ढिम्म फरक पडत नाही." त्यांनी डस्टर फिरवला. फळ्यावर उरलं, माझी मुलगी अकरा वर्षांची आहे.

घरी एकच मुलगी होती. दोरीवरचे कपडे तसेच वाळत होते. प्रणिताने ताटात बांगडा वाढला. ऋजुताने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"हे काय असतं?" तिने विचारलं.

सासूबाईंनी तो तुकडा आपल्या ताटात घेतला.

मंगळवारी प्रणिता सर्वांच्या आधी क्लासला जाऊन उभी राहिली. "मधलं परत लिहा."

"लागत असतं तर पुसलं गेलं असतं का?" सर हसले. मग नव्याने लिहू लागले. 'प्रणिता, हू हॅज अ डॉटर, इज अ नर्स.' स्वल्पविराम त्यांनी फार निगुतीने काढले, शेपट्या वळवून. "तिकडे नर्स हवीय, बाई. हा मधला पसारा कोणाला हवाय?"

आणि त्यांनी डस्टर उचलला.

प्रणिताने त्यांच्याकडे पाहिलं. असले किती साहेब तिने बारा वर्षांत कुशीवर वळवून पुसून काढले होते. शुद्धीवर आले की तेच तिला 'ए बाई' म्हणायचे. नाडी बघायला धरतात तसं तिने सरांचं मनगट धरलं. मनगट काडीसारखं होतं. त्यात एवढा तोरा कुठे मावत होता कोण जाणे. दुसऱ्या हाताच्या तळव्याने तिने दोन्ही स्वल्पविराम पुसून टाकले. शब्द सरकत सरकत एकमेकांना चिकटले. मुलगी आता कोणाला पुसता येणार नव्हती.

"मूर्ख," सर मनगट सोडवून खुर्चीत बसत हळूच म्हणाले. "कोणती प्रणिता? तर मुलगी असलेली. म्हणजे नसलेलीही एक..."

दार उघडंच होतं. एक बाई आत आली. प्रणिताचीच पोपटी साडी, खांद्यावर तीच पिन. चेहरा मात्र झोप पुरी झालेल्या माणसाचा. तिने सरांना इंग्रजीत काहीतरी म्हटलं, लांबलचक आणि कुठेही न अडखळता. सर खुर्चीवरून उठून उभे राहिले. कुठल्याही विद्यार्थ्यासाठी ते आजवर उठले नव्हते.

बाई थेट प्रणिताच्या बाकावर जाऊन बसली. रस्त्यावरच्या थुंकीकडे पाहावं तसं तिने प्रणिताच्या खडूने भरलेल्या तळव्याकडे पाहिलं. प्रणिताची वही जवळ ओढली, नाव लिहिलेलं पान उघडलं, आणि पेनासाठी प्रणितापुढेच हात केला.