तुरेवाला सेनापती

आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवणं कमी आणि लढाया जास्त झाल्या. हे आणि यांचे मित्र, दातांचे डॉक्टर, दर रविवारी बोटभर उंचीचे शिशाचे सैनिक मांडायचे, फासे टाकायचे आणि मोजपट्टीने अंतरं मोजत एकमेकांच्या फौजा कापून काढायचे. मी त्यांना बाहुल्या म्हटलं की दोघांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी व्हायची.

ते दिवस आठवले की अजूनही नाकात रंगाचा वास भरतो. ओट्यावर दुधाच्या पातेल्याशेजारी घोडेस्वार वाळत ठेवलेले असायचे. आणि सैनिक निवडतानाचा यांचा काटेकोरपणा तर विचारूच नका. लग्न ठरवताना मलाही इतकं निरखलं नसेल. जुन्या काळातलं एक शतक पक्कं केलं की प्रत्येक शिपाई त्याच शतकातला हवा. टोप वर निमुळता, नाकावर लोखंडाची उभी पट्टी, ढाल पानासारखी खाली टोकदार. चेहरा झाकणाऱ्या झडपेचा टोप दिसला की भिंग खाली ठेवून म्हणायचे, "हा तीनशे वर्षं पुढचा. परत!" दुकानदाराने यांना बघून कधी दार लावून घेतलं नाही, हेच नशीब.

डॉक्टरांनी एकदा पहिल्या कमाईतून एक सेनापती आणला होता. झडपेचा टोप आणि त्यावर ऐटदार तुरा. यांनी तो टेबलावर उभासुद्धा राहू दिला नाही. "तुऱ्याची एवढी हौस असेल तर कोंबडा पाळ," असं तोंडावर सुनावलं. डॉक्टर तो अख्खा उन्हाळा फिरकले नाहीत. शेवटी मीच मध्ये पडून त्यांना चहाला बोलावलं.

आता यांची नजर जवळजवळ गेलीय. हे बोटांनी चाचपून खेळतात, पण सेनापती आणि साधा स्वार बोटांना सारखेच. मागच्या रविवारी सेनापती समजून भलत्यालाच पुढे ढकललं. डॉक्टर, एरवी वीतभर जागेसाठी भांडणारा माणूस, गप्प बसले. तेच यांना लागलं. मी म्हटलं, सेनापतीच्या पायाशी एक मणी चिकटवून देते.

"आंधळ्याची खूण नको मला," हे म्हणाले. "येत्या रविवारी शेवटचा डाव. मग फौज डॉक्टरला देऊन टाकतो."

फौज गेल्यावर हा माणूस रविवारी करणार काय? दुसऱ्या दिवशी तडक दुकान गाठलं. दुकानदाराने त्या शतकातले होते नव्हते तेवढे सेनापती काढले. मी डोळे मिटून एकेक चाचपला. सगळे एका माळेचे मणी. मग कपाटाच्या कोपऱ्यातला एक हाताला लागला. झडप, आणि वर उंच तुरा.

"हा साहेबांना चालायचा नाही," दुकानदार म्हणाला.

मला काय ते माहीत नव्हतं! इतकी वर्षं ऐकून ऐकून मीही पंडित झालेय. "बांधा," म्हटलं.

रविवारी काही न बोलता मी तो मांडणीत ठेवला. यांचं बोट रांगेवरून सरकत आलं आणि तुऱ्याशी थांबलं. खाली झडपेवर गेलं. परत तुऱ्यावर आलं. यांचे कान लाल झाले. डॉक्टर छताकडे बघत बसले.

"तीनशे वर्षं पुढचा आहे हा."

"माहितेय," मी म्हणाले. "पण सापडला ना?"

यांनी डॉक्टरांकडे मान वळवली. "काय रे डॉक्टर, तुझा तो कोंबडा आहे का अजून?"

डॉक्टरांनी आपली फाशांची पिशवी टेबलावर उपडी केली. फाशांबरोबर तो तुरेवाला घरंगळत बाहेर आला. इतकी वर्षं दर रविवारी तो आमच्या घरी येत होता आणि पिशवीतूनच परत जात होता.

"वहिनी, उभा करू का याला?" डॉक्टरांनी विचारलं मला, पण बघत होते यांच्याकडे.

यांनी हात पुढे करून तो मागून घेतला, अंगठ्याने चाचपला.

"रंग उडालाय की रे याचा. आज असाच उभा कर. पुढच्या रविवारी रंगवून आण."

मग यांनी आपल्या फौजेकडे हात नेला आणि कुणालाही न विचारता सेनापती उचलला.