भुकेच्या महिन्यातली नात

"पाऊस पडत होता," मी सासूला सांगितलं. "पोर बाहेर आली तेव्हा दवाखान्याच्या पत्र्यावर ताशा वाजत होता नुसता."

पेरेसिया, माझी सासू, चटईवर पाय पसरून मूठभर घेवडा निवडत होती. ऐंशी कधीच ओलांडलीय, पण नजर अजून सुईत दोरा ओवायची. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. माझ्या पायांकडे पाहिलं.

"घोट्यापर्यंत धूळ आहे तुझ्या," ती म्हणाली. "पाऊस काय दवाखान्यापुरताच बोलावला होतास?"

बाजूला माझी सवत रिस्पर उभी होती. ती गालातल्या गालात हसली. तिला दुसरं काय येतं? मी बाळाला घेऊन आत गेले.

खरं तर थेंबसुद्धा पडला नव्हता. जूनचा दुसरा आठवडा, आभाळ कोरडं ठणठणीत. मोटारसायकलवरून घरी येताना मीच सुनेच्या कानात सांगितलं होतं, कुणी विचारलं तर पाऊस होता म्हण. लिनेट म्हणाली, "पण नव्हता ना, आई." म्हटलं, तुला काय करायचंय, तू गप्प बस. ती गप्प बसली. किसुमू शहरातल्या शाळेत शिकवते, दीड वर्षापूर्वी लग्न होऊन आली, आणि तेव्हापासून माझ्याशी मोजूनमापून बोलते. मला वाटायचं, शाळेत चूल फुंकणारी सासू तिला कमीपणाची वाटत असणार. वाटू दे, मी कुठे तिच्या पाया पडायला गेले होते?

आमच्याकडे पोराला दोन नावं. एक कागदासाठी. ते सुनेनं आधीच ठरवून टाकलं होतं: जून. महिन्याचं नाव. शहरात अशा एप्रिल, मे, जून पायलीच्या पन्नास. त्याला माझी हरकत नव्हती. दुसरं नाव हाकेचं, आणि माणूस मरेपर्यंत जगतो त्याच नावावर. ते दिवस बघून ठेवतात. पावसात झालेली अकोथ. कापणीत झालेली अकेयो. आणि मका शेतात हिरवा उभा असताना, कणग्यांचे तळ खरवडायची वेळ आलेली असताना जी जन्मते ती अकेच. अकेच म्हणजे भूक.

माझं नाव अकेच.

गावात आणखी दोन अकेच आहेत, सुखानं नांदतात. नावात काही नसतं, नाव घेणाऱ्या तोंडात असतं. मला तोंड मिळालं पेरेसियाचं. लग्न होऊन आले त्या वर्षीचं सांगते. मी थोरली सून. पेरणीचं बी थोरलीनं पहिलं टाकायचं, त्याआधी घरातल्या कुणी शेताला हात लावायचा नाही, असा आमचा रिवाज. पहाटे न्हाऊन मी शेताच्या बांधावर जाऊन उभी राहिले. सासूनं बियांची टोपली माझ्या डोळ्यांसमोर शेजारणीच्या हातात दिली आणि चार माणसांत म्हणाली, "भूक पहिली शेतात शिरायला नको." पुढे रिस्पर आली, मग टोपली तिच्याकडे गेली. चौतीस पेरण्या झाल्या. चौतीसही वेळा मी मागून गेले.

नवरा हसायचा. म्हणायचा, म्हातारी आहे, सोड. तोही चारचौघांत जेवायला बसला की म्हणायचा, "अरे, भुकेला बोलवा, भूक लागलीय." माणसं खो खो हसायची. तो गेला, त्याला आता काय बोलायचं. भूक माझ्या पाचवीलाच पुजलेली, असं मी स्वतःच म्हणायला शिकले, म्हणजे दुसऱ्याला म्हणायला उरत नाही. बावीस वर्षं शाळेत तीनशे पोरांना मका आणि घेवडा शिजवून घालतेय. मास्तर लोकसुद्धा म्हणतात, अकेचच्या हातचं खाल्लं की पोट भरतं, काय गंमत आहे. मला गंमत वाटत नाही.

म्हणून नातीला ते नाव मी चिकटू देणार नव्हते, मग पाऊस पडो न पडो.

दुसऱ्या रात्री लिनेट अंथरुणातून म्हणाली, "आई, नावाचं मला एक बोलायचं होतं." मी दिवा बारीक केला. म्हटलं, झोप, नावाचं मी बघते. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

मुलगी असली की तिसऱ्या दिवशी पहाटे तिला पहिल्यांदा घराबाहेर काढतात. घरातली सगळ्यात म्हातारी बाई एकेक नाव पुकारते. पोर रडत असतं, आणि ज्या नावाला गप्प होईल ते त्याचं. सासूनं आदल्या दिवशीच सगळ्यांना बजावलं होतं, "पावसाचं खरंखोटं मला करायचं नाही. पोरच सांगेल." आणि माझ्याकडे बघून, "पोरं खोटं बोलत नाहीत."

बाळ धरायचा मान बापाच्या आईचा. मी उंबऱ्यावर बसले, पोर मांडीवर, वरून माझं कापड पांघरलेलं. डाव्या हाताची करंगळी मी साखरेच्या पाण्यात बुडवून आणली होती. उजवा हात कापडाखाली. लिनेट माझ्या शेजारी बसली. माझा मुलगा ओडेरो नैरोबीहून शनिवारी येणार होता. तो जन्मला तेव्हा कणगी भरलेली, म्हणून ओडेरो. त्याचं नाव ठेवताना कुणी हरकत घेतली नव्हती.

थंडी होती. पोर लगेच रडायला लागली. सासू काठी टेकून समोर उभी राहिली. आधी तिनं स्वतःच्या मेलेल्या सासूचं नाव घेतलं. पोर रडतच होती.

"अकेच," सासू म्हणाली.

आणि पोर थांबली. एकदम. ओठ मिटले, डोळे उघडले, जणू हाक ऐकू आली. रिस्परनं श्वास रोखला, तोही मला ऐकू आला. सासूच्या चेहऱ्यावर ते हसू फुटायला लागलं, शेताच्या बांधावर पाहिलेलं, चौतीस वर्षांपूर्वीचं.

मी कापडाखाली पोरीच्या मांडीला चिमटा काढला.

तिनं अशी किंकाळी फोडली की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. सासूनं डोळे बारीक केले आणि पुन्हा म्हणाली, "अकेच." मी पुन्हा काढला, या वेळी नखानं. तीन दिवसांच्या पोरीची मांडी ती केवढी, लोण्यासारखी. पण मी हात काढला नाही. हे दोन चिमटे सोस बाई, मी मनात म्हणत होते, जन्मभराचे वाचतील.

"दुसरं घ्या," मी सासूला म्हटलं. "हे तिला नको आहे. दिसत नाही का?"

सासूनं माझ्यावर नजर रोखली. तिला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. पण माणसं जमली होती, रिवाज रिवाज होता.

"अकोथ," ती थुंकल्यासारखं म्हणाली.

मी करंगळी पोरीच्या तोंडात दिली. ती चोखायला लागली. गप्प.

रिस्परनं टाळूला जीभ लावून आनंदाची आरोळी दिली, शेजारणींनी साथ दिली. सासू काठी आपटत आपल्या झोपडीकडे गेली. मी जिंकले होते. खोटं कशाला बोलू, आयुष्यात पहिल्यांदा तिला हरवलं होतं, आणि मला नाचावंसं वाटत होतं.

दुपारी लिनेटनं मला हाक मारली. अंगणात परात मांडली होती, कोमट पाणी होतं, पोर तिच्या हातांवर उघडी होती.

"हे काय आहे?"

मांडीवर नखाची कोर उमटली होती. शेजारी एक निळा डाग.

"मुंगी चावली असेल," मी म्हटलं.

"मुंगीला नखं कधीपासून आली, आई?"

मग मी सांगितलं. लपवून काय करणार होते? म्हटलं, तुझ्याच पोरीसाठी केलं. त्या नावानं माझं काय झालं ते तुला नाही कळायचं, तू शहरात वाढलेली. टोपलीचं सांगितलं, हसण्याचं सांगितलं. चौतीस वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगताना माझा आवाज चिरकला, त्याचाही मला राग आला.

लिनेटनं मला पूर्ण बोलू दिलं. पोरीला तिनं फडक्यात गुंडाळून छातीशी धरलं होतं.

"मला माहीत आहे सगळं," ती म्हणाली. "ओडेरोनं सांगितलंय. तो म्हणायचा, या दिवसांत शेजारची पोरं उपाशी झोपायची, आम्ही कधी नाही झोपलो, आईचं नाव भूक होतं म्हणून भूक तिला भ्यायची. आम्ही दोघांनी तेव्हाच ठरवलं होतं. मुलगी झाली तर अकेच. दिवस कुठलेही असोत."

मी हात कापडाला पुसले.

"त्या रात्री तेच सांगणार होते. तुम्ही झोप म्हणालात." तिचे डोळे भरले होते, पण आवाज सपाट होता. "आज ती त्या नावाला गप्प झाली तेव्हा मला रडू आलं, आई. आणि तुम्ही तिला चिमटे काढत होतात."

"आण इकडे," मी म्हटलं. "तेल लावते त्याच्यावर." मी दोन्ही हात पुढे केले.

लिनेट माझ्या हातांकडे पाहत राहिली. मग माझ्या बाजूनं निघून अंगण ओलांडून गेली, चटईवर बसलेल्या पेरेसियासमोर वाकली आणि पोरीला तिच्या मांडीवर ठेवलं.

"ये, अकोथ, ये," म्हातारी म्हणाली. पोर रडली नाही.

परातीतलं पाणी अजून कोमट होतं. मी ती उचलली आणि केळीच्या मुळाशी ओतून टाकली.