तीन खोट्या घंट्या

आमच्या वृद्धाश्रमात माणसाची किंमत बाथरूमच्या कडीवरून ठरते. वरच्या मजल्यावरचे स्वतः आंघोळ करतात आणि आतून कडी लावतात. खालच्या मजल्यावरच्यांना आंघोळ घालतात, आणि तिथल्या दारांना कडीच नाही. मी वर, पंधरा नंबरमध्ये. चाळीस वर्षं प्लंबिंग केलं, कितीतरी लोकांची न्हाणीघरं मार्गी लावली. मेलो तरी खाली जाणार नाही, असं मी आल्या दिवशीच मुलाला बजावलं होतं. तो "बरं बाबा" म्हणाला. तो सगळ्यालाच "बरं बाबा" म्हणतो, दर रविवारी, फोनवर, चार मिनिटं.

शेजारी चौदा नंबरला मास्तर. जन्मभर भूगोल शिकवलेले. आमची ओळख वाढली ती बाथरूममध्येच, म्हणजे भिंतीच्या दोन बाजूंना. दोन्ही बाथरूमांच्या मध्ये पाइप जायला उभी पोकळी आहे, आणि बांधणाऱ्याने पाइपभोवतीची भोकं बुजवलीच नव्हती. कामचुकारपणा, दुसरं काय! पण त्या कामचुकारपणाच्या कृपेने सकाळी सातला नळ सोडला की पलीकडून हाक यायची, "मिस्त्री, पाणी गरम आहे का?" आणि मग भांडण सुरू. नदीची लांबी उगमापासून मोजायची की पहिल्या उपनदीपासून, यावर आम्ही पंधरा दिवस काढले. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण हरायचं नाही हे ठरलेलं. जेवायच्या खोलीत मात्र आमची टेबलं वेगळी, कारण मास्तर बिनसाखरवाले आणि मी बिनमिठाचा. तिथे नुसता लांबून हात करायचा. दिवसभरातलं माझं खरं बोलणं आंघोळीच्या त्या वीस मिनिटांत उरकायचं.

प्रत्येक बाथरूममध्ये छतापासून फरशीपर्यंत एक लाल दोरी लोंबते. माणूस पडला तर ओढायची. घंटी वाजते, तीन मिनिटांच्या आत मावशींनी पोचायचं आणि वहीत वेळ आणि कारण लिहायचं. या मावशी माझ्या मुलीच्या वयाच्या, पण इथे सगळे त्यांना मावशीच म्हणतात. कारण काहीच नसेल तर त्या 'खोटी' असं लिहितात. महिन्यात तीन खोट्या झाल्या की माणूस भ्रमिष्ट झाला असं समजून त्याला खाली हलवतात. मास्तरांच्या दोन झाल्या होत्या.

"कशाला ओढता हो ती दोरी?" मी एका सकाळी भिंतीला विचारलं.

पलीकडचा नळ बंद झाला. "मावशी येतात. खांद्यावर हात ठेवून विचारतात, काय झालं आजोबा."

"मग मी काय मेलोय इथे? माझ्याशी बोला की."

"भिंतीतून आवाज येतो, मिस्त्री. दारातून माणूस यावा लागतो."

माझं डोकंच फिरलं. रोज वीस मिनिटं मी या गृहस्थाशी घसा फोडून भांडतो, ते सगळं पाण्यात गेलं म्हणायचं! दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गुपचूप आंघोळ केली. मास्तरांनी दोनदा हाक मारली. मी ओ दिली नाही. त्या दुपारी चौदा नंबरची घंटी वाजली. तिसरी.

आणि नेमकी दुसऱ्या दिवशी सरकारी तपासणी. तपासायला आलेल्या मॅडम कामाला पक्क्या होत्या. आधाराचा दांडा नुसता बघून सोडला नाही, त्याला अंगाचा भार देऊन लोंबकळल्या. गरम पाण्यात थर्मामीटर बुडवला, दोरीचं टोक फरशीपासून किती वर आहे ते टेपने मोजलं. मला त्या आवडल्या. मग त्यांनी घंटीची वही उघडली आणि म्हणाल्या, "चौदा नंबरच्या तीन खोट्या झाल्यात. यांना खाली का नेलं नाही अजून?"

मास्तर पलंगाच्या कडेला बसले होते. चपला घालून तयार. मला ते बघवेना.

"मॅडम, त्या घंट्या खोट्या नाहीत," मी दारातून म्हणालो. "भिंतीत पाणी मुरतंय. घंटीच्या स्विचला ओल लागली की ती आपोआप वाजते." आत गेलो, बाथरूमच्या भिंतीवरची फरशी बोटाने वाजवून दाखवली. पोकळ आवाज आला. पाइपांच्या पोकळीवर पोकळच आवाज येणार, पण ते मॅडमना काय माहीत? "चाळीस वर्षं हेच केलंय मी," असंही वर ठोकून दिलं.

मास्तर माझ्याकडे बघून हसले. मीही मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली.

मॅडमनी पेनचं टोपण काढलं. "म्हणजे विजेच्या स्विचमध्ये पाणी? अहो, हे तर फारच धोक्याचं! ही खोली आत्ताच बंद करा. दुरुस्ती होईपर्यंत यांना खाली ठेवा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. ओल्या भिंतीत वीज असेल तर पाऊल ठेवू नका, हे मीच आयुष्यभर गिऱ्हाइकांना दरडावून सांगत आलो. एवढी साधी गोष्ट मला आधी सुचली नाही. संध्याकाळच्या आत मास्तरांची ट्रंक खाली गेली. मी खरं बोलायला तोंड उघडलं, तर व्यवस्थापक म्हणाले, "आता अहवाल गेला, मिस्त्री."

तीन आठवड्यांनी भिंत फोडली. आतून कोरडी ठणठणीत. म्हणजे मास्तरांच्या तीनही घंट्या खोट्याच ठरल्या आणि ते खालचेच झाले. भिंत बंद करताना कारागिरांनी पाइपभोवतीची भोकंही सिमेंटने बुजवली. आग लागली तर तिथून धूर पसरतो. काम चोख केलं होतं, नाव ठेवायला जागा नव्हती. चौदा नंबरला नवे गृहस्थ आले. त्यांना ऐकू येत नाही.

खालच्यांना भेटायची वेळ बुधवारी चार ते साडेचार. मी गेलो. मास्तर खिडकीशी बसले होते, भांग कोणीतरी उलट्या बाजूला पाडलेला.

"चुकलो मास्तर," मी म्हणालो. "त्या दिवशी ओ दिली असती तर हे झालंच नसतं."

"जाऊ द्या हो." ते म्हणाले. "इथे माणूस रोज येतो, मिस्त्री. दार न वाजवता येतो. पण सगळे घाईत. न्हाणीघरात दोन खुर्च्या आहेत, मध्ये पडदा. पलीकडची खुर्ची रिकामीच असते. मी सवयीने विचारतो, पाणी गरम आहे का. मग मावशींना वाटतं, मला पोळलं."

साडेचारला वर आलो. वर बोलायला होतं तरी कोण!

सकाळी सातला नळ सोडला. मला माझ्याच पाण्याचा आवाज नकोसा झाला. टॉवेल गुंडाळला, कडी काढली आणि लाल दोरी ओढली.

अडीच मिनिटांत मावशी धापा टाकत आल्या. ओल्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "काय झालं आजोबा? पडलात का?"

"नाही. काही नाही झालं."

"मग खोटी लिहावी लागेल हो मला."

"लिहा. अजून दोन लागतील ना?"

मावशी वही उघडता उघडता थांबल्या. "अहो, खाली नेतील तुम्हाला. तिथे दाराला कडी नसते."

"माहीत आहे," मी म्हणालो. "तेवढी पडद्यापलीकडची खुर्ची कोणाला देऊ नका."